विरजण आणले, पण दूध कोठे आहे? – नापीक जमिनी आणि मातीतील सूक्ष्मजीव

गेल्या उन्हाळ्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा कालव्याच्या पट्ट्यात, एका धर्मग्रामात, रविवारच्या मिस्सानंतर एक शेतकरी आम्हांस भेटावयास आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली. ‘फादर, ह्यात जमीन जिवंत करणारे जिवाणू आहेत असं दुकानदार सांगतो. वर सगळं इंग्रजीत आहे, जरा वाचून सांगा,’ असे ते म्हणाले. आम्ही वाचले. जिवाणूंची नावे होती, प्रमाण होते, मुदत संपण्याची तारीख होती आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘थंड व सावलीच्या जागी ठेवावे’ अशी सूचना होती. बाटली दुकानात कोठे ठेवली होती असे विचारता समजले की, दुकान पत्र्याचे, खोकी दारालगत रचलेली आणि महिना मे. त्यांच्या अडीच एकरांपैकी एक एकर पांढरा फटक पडला आहे. त्या एका एकरासाठी तीन वर्षांत घेतलेली ही चौथी बाटली. आधीच्या तिन्हींचा काही गुण आला नव्हता.

हा प्रसंग सांगण्यास निमित्त आहे. मातीतील सूक्ष्मजीव हा विषय आता प्रयोगशाळेतून आणि कृषी प्रदर्शनांतून निघून थेट राष्ट्रीय धोरणात आला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मान्यता दिली. त्यासाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद, साडेसात लाख हेक्टर क्षेत्र, एक कोटी शेतकरी आणि गावपातळीवर जिवाणूंची द्रावणे तयार करून पुरविणारी १०,००० जैव निविष्ठा केंद्रे असा त्याचा आराखडा आहे. आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन आहेच. कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर युरियाच्या शेजारी रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, पीएसबी, ट्रायकोडर्मा, मायकोरायझा ही नावे दिसू लागली आहेत. ज्या जीवांकडे शेतीशास्त्राने आणि शासनाने दीर्घकाळ दुर्लक्ष केले, त्यांना हा मान मिळत आहे ह्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु हा मान बाटलीला मिळतो आहे की मातीला, ह्याचा विचार व्हावयास हवा. अडीच एकरांच्या धन्याचा पैसा नेमका ह्याच फरकावर बुडतो किंवा तरतो.

प्रथम हे जीव करतात काय, ते पाहू. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. ह्या गाठींमुळेच वनस्पतीला हवेतील नत्र मिळते हे हेलरीगेल आणि विल्फार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी सन १८८६ ते १८८८ च्या सुमारास सिद्ध केले आणि १८८८ साली डच शास्त्रज्ञ बायेरिंक ह्यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळा करून दाखविला. तोच आपला रायझोबियम. तूर, हरभरा, भुईमूग किंवा सोयाबीनचे रोप हलकेच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. आत लालसर गुलाबी रंग दिसला तर जिवाणू कामावर आहे. पांढरट किंवा हिरवट दिसला तर गाठ आहे, पण काम नाही. ह्या परीक्षेला एक पैसाही लागत नाही, आणि आमच्या अनुभवात फार थोडे शेतकरी ती करतात.

ॲझोटोबॅक्टर मोकळ्या मातीत राहून नत्र स्थिर करतो. स्फुरद विरघळविणारे जिवाणू आम्ले सोडून, काळ्या चुनखडीच्या जमिनीत अडकून पडलेला स्फुरद पिकाला मिळवून देतात. उसाच्या कांड्याच्या आतच राहून नत्र पुरविणारा एक जिवाणू ब्राझीलमध्ये १९८८ साली योहाना डोबराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविला. आपल्याकडे ॲसिटोबॅक्टर ह्या नावाने त्याची बेणेप्रक्रिया केली जाते. लागणीच्या वेळी कांड्या ह्या जिवाणूच्या व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडविल्यास नत्राची मात्रा निम्म्यापर्यंत आणि स्फुरदाची पाव हिश्श्याने कमी करता येते, अशी शिफारस आहे.

आणि मग बुरशी. बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रोग उभा राहतो. पण मायकोरायझा नावाची बुरशी बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी भागीदारी करते. पाने तयार करीत असलेल्या साखरेतील वाटा ती घेते आणि मोबदल्यात मूळ जेथे पोहोचत नाही अशा फटीतून स्फुरद, जस्त आणि पाणी आणून देते. तिचे केसाहून बारीक तंतू मातीच्या कणांना एकत्र बांधतात आणि त्यातून ती भुसभुशीत, पाणी झिरपू देणारी ढेकळे तयार होतात, ज्यांना शेतकरी ‘जमिनीचा पोत’ म्हणतो. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात, सहसा कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या बुरश्या, कृमी आणि सूक्ष्मजीवांचा सृष्टीचा तोल राखणारे म्हणून आवर्जून उल्लेख केला आहे. ते परिपत्रक आमच्या धर्मग्रामांतून बरेच वाचले गेले. तो परिच्छेद मात्र बहुधा झाडे लावण्याच्या उत्साहात निसटला.

असे हे जीव. मग चार बाटल्या टाकूनही ते एक एकर पांढरेच का राहिले?

थोडा हिशेब करू. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खतांचा समावेश झाला. त्यानुसार द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. म्हणजे एका लिटरमध्ये १० हजार कोटी. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु एक एकराच्या वरच्या वीतभर थरातील मातीचे वजन सुमारे ८०० टन, म्हणजे ८० कोटी ग्रॅम भरते. एक लिटर द्रावण त्यात सारखे मिसळले तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला साधारण सव्वाशे जिवाणू येतात. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये आधीपासूनच कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. त्या गर्दीत हे सव्वाशे पाहुणे काय करणार? बाटली अस्सल असेल, ताजी असेल, उन्हात शिजलेली नसेल, तरीही हे गणित बदलत नाही.

गृहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. चमचाभर विरजण पातेलेभर दुधाचे दही करते, कारण पातेल्यात दूध असते. तेच विरजण पातेलेभर पाण्यात घातले तर सकाळी काय मिळेल? नवा जिवाणू बियाण्यावर, कांड्यावर, रोपाच्या मुळाशी दिला तर त्याला निदान बसायला जागा आणि खायला मुळांतून पाझरणारी साखर मिळते. म्हणूनच गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळणे, सावलीत वाळविणे आणि लगेच पेरणे ही जुनी पद्धत आजही उत्तम आहे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी आणि जिवाणू सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला तर आपण स्वतःच पाहुण्याला जेवणाआधी विष दिले असे होते. परंतु उघड्या, अन्नहीन, मिठाने भरलेल्या जमिनीवर पाटाच्या पाण्यातून बाटली सोडणे म्हणजे पाण्यात विरजण घालणे होय.

जमिनीचे दूध म्हणजे सेंद्रिय कर्ब. कुजणारा पाला, मुळे, धसकटे, शेण ह्यांतून तो येतो आणि मातीतील बहुसंख्य जीव त्यावरच जगतात. आपल्या राज्याच्या माती परीक्षणात ०.४० टक्क्यांपर्यंत कर्ब ‘कमी’ आणि ०.२० टक्क्यांच्या आत ‘अत्यंत कमी’ समजला जातो. ज्यांच्याकडे अहवाल आहे त्यांनी तो काढून हा एक आकडा पाहावा. उष्ण हवामानात कर्ब लवकर जळतो, नांगरट वाढली की आणखी लवकर जळतो, आणि गोठ्यातील जनावरे कमी झाली की परत येण्याची वाट आटते. ट्रॅक्टर आला, बैल गेले. त्यात शेतकऱ्याला दोष देणे आम्हांस पटत नाही. बैलजोडी पोसणे आज किती जणांना परवडते?

आता त्या पांढऱ्या एकराकडे वळू, कारण आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांच्या वाट्याला अशाच जमिनी आल्या आहेत. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवर कालव्याचे पाणी खेळू लागले. त्या पाण्याने उपासमार थांबविली, ऊस आणला, कारखाने आणले, शाळा आणल्या. त्याच पाण्याने, जेथे जमीन भारी काळी आणि निचरा मंद होता तेथे, भूजल वर आणले. मोकाट पाणी देण्याची सवय, वरच्या अंगाच्या शेतातून खालच्या शेतात होणारा पाझर, बुजलेले नाले, ह्या सर्वांचा भार सखल जमिनीवर पडला. पाणी जमिनीच्या पोटातून केशाकर्षणाने वर चढते, उन्हाने उडून जाते आणि विरघळलेले क्षार मागे ठेवून जाते. वर्षामागून वर्षे हेच चालले की जमीन खारवट होते. क्षारांत सोडियमचा वाटा वाढला की ती चोपण होते. मग ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगडासारखी.

अशा जमिनीत सूक्ष्मजीवांचे काय होते? लोणच्यात आपण मीठ कशासाठी घालतो ते आठवावे. मिठामुळे जिवाणूंच्या पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि त्यांची वाढ थांबते, म्हणून लोणचे टिकते. खारवट जमिनीत आपण अनेक उपकारक जिवाणूंचे अक्षरशः लोणचे घातलेले असते. शिवाय पाणी साचून हवा संपली की जे जीव तग धरतात ते वेगळ्याच स्वभावाचे असतात. हवेअभावी ते नत्रातील प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने उडवून लावतात. शेतकरी युरिया टाकतो, पीक पिवळेच राहते, तो आणखी युरिया टाकतो. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून हे चालूही राहते. त्या स्वस्ताईमागे सरकारचा पैसा आहे. २०२२–२३ ह्या एका वर्षात देशाचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेले होते. त्यापुढे नैसर्गिक शेती अभियानाचे २,४८१ कोटी ठेवून पाहावेत म्हणजे धोरणाचा कल कोणीकडे आहे ते ध्यानात येईल.

म्हणून खारवट जमिनीचा उपचार बाटलीपासून सुरू होत नाही. तो चरापासून सुरू होतो. ह्याचे आपल्या राज्यातील ठळक उदाहरण कृष्णाकाठचे आहे. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने, गणपतराव पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली, शिरोळ परिसरातील क्षारपड जमिनींत सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा प्रणाली टाकण्यात आली. जमिनीखाली साधारण कमरेहून खोल पाइपांचे जाळे, त्यातून साठलेले खारे पाणी मुख्य नळीत आणि तेथून ओढ्यात. जेथे गवतही नीट उगवत नव्हते तेथे ऊस पुन्हा उभा राहिला. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कसबे डिग्रजचे केंद्र ह्याच प्रश्नावर काम करीत आले आहे. म्हणजे ज्ञान शेकडो कोसांवर नाही. आपल्या जिल्ह्यातील विद्यापीठाच्याच हाताशी आहे.

पाणी उतरले, क्षार धुऊन गेले, की मग जिवाणूंची पाळी येते. जमीन चोपण असेल तर माती परीक्षणानुसार जिप्सम द्यावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम निचऱ्याबरोबर जातो. निचरा नसेल तर तो तेथेच घुटमळतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो. जमीन नुसती खारवट असेल, चोपण नसेल, तर जिप्समची गरजच नाही. त्यानंतर धैंचा. हे हिरवळीचे पीक क्षार सोसते, त्याच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी धरतात, आणि फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण दीड महिन्याने गाडले की त्याच जमिनीत कर्ब आणि नत्र दोन्ही मुक्काम करतात. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून ह्या जमिनींवर काम करीत आहे. तिच्या लखनौ केंद्राने क्षार सोसणाऱ्या जिवाणूंचे ‘सीएसआर-बायो’ हे मिश्रण विकसित केले. तेव्हा मिठात जगणारे उपकारक जिवाणू नाहीतच असे नव्हे. मात्र शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग सुधारणेच्या इतर उपायांच्या जोडीने करतात, त्यांच्या ऐवजी नव्हे. दुकानाच्या गल्ल्यावर हा फरक कोणी सांगत नाही.

खारवट नसलेल्या, पण थकलेल्या उसाच्या जमिनींची गोष्ट निराळी आहे. तेथे दूध आपण स्वतःच जाळून टाकतो. एका हेक्टर उसातून तोडणीनंतर ८ ते १० टन पाचट निघते. त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कर्ब असतो. ते पेटविले की सायंकाळपर्यंत शेत ‘स्वच्छ’ होते. जाळणारा मूर्ख नसतो. मजूर मिळत नाहीत, उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, खोडव्याची घाई असते. परंतु शिफारस सोपी आहे. पाचट सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे. युरिया का, असे नैसर्गिक शेतीचे कट्टर अभिमानी विचारतील. कारण पाचटात कर्ब फार आणि नत्र फार थोडे. कुजविणाऱ्या जिवाणूंना स्वतःचे शरीर घडविण्यास नत्र लागते. ते बाहेरून दिले नाही तर ते पिकाच्या तोंडचे घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. येथे युरिया शत्रू नसून जिवाणूंची शिदोरी आहे. शेतीतील प्रश्न घोषणांइतके सरळ नसतात ते असे.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर ह्यांनी ह्याच्याही पुढचा विचार मांडला. पिकाची मुळे आणि जमिनीखालची खोडे उपटू नयेत, नांगरू नयेत, जागच्या जागी कुजू द्यावीत. वरून आणून टाकलेल्या खतापेक्षा ते कुजणे अधिक मोलाचे, असे त्यांचे अनेक वर्षांच्या स्वतःच्या शेतीवर आधारलेले प्रतिपादन आहे. मायकोरायझाच्या तंतूंचे जाळे नांगराने तुटते, हे ध्यानात घेता त्यात तथ्य आहे. वसई–रायगडकडचे आमचे भातशेतीवाले वाचक म्हणतील, हे उसाचे झाले, आमचे काय? त्यांनी कर्जत तालुक्यातील नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र पाहावे. गादीवाफे एकदाच करावयाचे, पुढे चिखलणी नाही, लावणी नाही, नांगरट नाही. आधीच्या भाताची मुळे गादीतच राहतात आणि काही हंगामांत गांडुळे परत येतात. कंबर वाकवून लावणी करणाऱ्या बायकांचे कष्ट वाचतात, हा आमच्या दृष्टीने लहान लाभ नव्हे. मात्र एक गोष्ट लपविणे बरे नाही. ह्या तंत्रात तण व जुने धांडे मारण्यासाठी ग्लायफोसेटसारख्या तणनाशकांवर भिस्त आहे, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले. नांगर नको असेल तर तणाचे काय, ह्या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर अजून कोणाकडे नाही. जमिनीवर सतत आच्छादन ठेवणे हे एक उत्तर आहे खरे. पण त्यासाठी काडीकचरा लागतो, आणि तो जनावरालाही हवा असतो.

येथे जीवामृताचाही उल्लेख करणे भाग आहे, कारण नव्या जैव निविष्ठा केंद्रांतून ते मोठ्या प्रमाणात तयार होणार आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात कालवून आंबविलेले हे द्रावण अमरावतीचे सुभाष पाळेकर ह्यांनी देशभर नेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या दाव्यांवर कृषिशास्त्रज्ञांनी कठोर आक्षेप घेतले आहेत आणि त्यांतील काही आम्हांस रास्त वाटतात. पण पाळेकरांवर एक अन्याय त्यांच्या अनुयायांनीही केला. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही असणे. पहिल्या दोन गोष्टी ड्रममध्ये होतात, म्हणून त्या सर्वत्र झाल्या. उरलेल्या दोन शेतात कराव्या लागतात, म्हणून त्या मागे पडल्या. खारवट, पाणथळ जमिनीला गरज आहे ती नेमकी त्या उरलेल्या दोहोंची.

बाजाराचे काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान ह्यांनी जाहीरपणे सांगितले की, देशात सुमारे ३०,००० जैव उत्तेजके तपासणीविना विकली जात होती आणि नियम कडक केल्यावर ती संख्या साधारण ६५० वर आली. जैव उत्तेजके आणि जिवाणू खते ह्यांत कायद्याने फरक आहे. पण अडीच एकरांच्या शेतकऱ्याला दुकानाच्या फळीवर तो दिसत नाही. दोन्ही बाटल्यांवर हिरवे पान असते. जे हजारो माल बाजारातून गेले, त्यांच्यावर झालेला खर्च कोणी परत केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तोवर एवढे करता येते : बाटली शक्यतो विद्यापीठाच्या किंवा सरकारी केंद्रातून घ्यावी, मुदतीची तारीख पाहावी, पत्र्याच्या दुकानात उन्हात ठेवलेली घेऊ नये, आणि पावती मागावी. पावती मागितली की दुकानदाराचा सूर कसा बदलतो ते पाहण्यासारखे असते.

सरकारचे मोजमापही तपासण्यासारखे आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगढ येथे मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा आरंभ झाला. ह्या पत्रिकेत बारा गोष्टी मोजल्या जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. ह्यात जिवंत असे काही नाही. ज्या अभियानाचा सारा भर सूक्ष्मजीवांवर, त्याच्या यशाची तपासणी ह्या पत्रिकेने कशी होणार? मग किती लिटर द्रावण वाटले, किती केंद्रे उघडली, ह्याचेच आकडे दिल्लीस जातील. सूक्ष्मजीव मोजणे वाटते तितके दुर्घट नाही. मातीचा श्वास, म्हणजे तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, मोजता येतो. घरच्या घरी करावयाची एक परीक्षा तर मुलांनाही आवडेल. सुती पांढऱ्या कापडाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत, एक बांधावरच्या झाडाखाली आणि एक शेताच्या मधोमध वीतभर खोल पुरावा, दोन महिन्यांनी दोन्ही काढून पाहावेत. जिवंत मातीत कापडाची चाळण होते. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांकडून पावसाळ्यात हा प्रयोग करून घेण्यास आमची हरकत नाही. शिक्षकांची असल्यास त्यांनी कळवावे.

एक गोष्ट मात्र कापडाने कळत नाही. धैंचा गाडल्यापासून, पाचट कुजविण्यास लागल्यापासून जमिनीचा कर्ब दिसण्याइतका वाढण्यास तीन, चार, पाच हंगाम जातात. आणि आमच्या धर्मग्रामांतील किती जण ज्या जमिनीत राबतात ती त्यांची असते? वाटेकरी किंवा वर्षाच्या खंडाने जमीन कसणारा माणूस पुढच्या वर्षी तेथे असेल की नाही हे त्याला ठाऊक नसते. त्याने आज पाचट कुजविले तर त्याचे फळ दुसरा खाणार. तो पाचट जाळतो ह्यात नवल काय? योजनांची मदत बहुधा सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याकडे जाते, माती हाताळणारा वेगळाच असतो. ज्या भाविकांकडे जमीन आहे आणि ती त्यांनी कसावयास दिली आहे, त्यांनी निदान पाच वर्षांचा लेखी करार करून द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ज्या धर्मग्रामांपाशी स्वतःची शेतजमीन आहे त्यांनाही ही विनंती लागू आहे, आणि ती त्यांना प्रथम लागू व्हावी.

ह्याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी पाणलोट विकासाचे काम उभे केले. गावाने एकत्र बसून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे असा त्या कामाचा रिवाज होता. तेथे प्रश्न पाणी अडविण्याचा होता, येथे पाणी काढून देण्याचा आहे. पण दोन्ही कामे एकट्याच्या बांधावर होत नाहीत.

त्या शेतकऱ्यांना आम्ही बाटली परत करण्यास सांगितले. दुकानदाराने ती घेतली नाही. मग आम्ही त्यांना पांढऱ्या एकरात एक खड्डा खणून पाहण्यास सुचविले. दोन फुटांवर पाणी लागले, तेही उन्हाळ्यात. माती तपासून घेतली. जमीन खारवट निघाली, चोपण नव्हे, म्हणजे जिप्समचा खर्च वाचला. चर काढावयाचा तर तो खालच्या तिघा शेजाऱ्यांच्या बांधांतून ओढ्यापर्यंत न्यावा लागेल. दोघे तयार आहेत. तिसऱ्याचे म्हणणे, तुमचे खारे पाणी माझ्या बांधाने का न्यावे? त्याच्याही सखल कोपऱ्यात पांढरे डाग दिसू लागले आहेत, तो कोपरा दाखवावयास उद्या आम्ही त्याच्या शेतावर जाणार आहोत. धैंच्याचे बियाणे राहुरीहून आणून ठेवले आहे.